तासाचे दोन दर

गेल्या पावसाळ्यात चार तरुण चित्रकार माझ्याकडे आले. मुंबईच्या निरनिराळ्या जाहिरात संस्थांत पाचसहा वर्षे नोकरी करून, तेथून बाहेर पडून त्यांनी पुण्यात दोन खोल्यांत स्वतःची लहानशी संस्था उभी केली आहे. पुस्तकांची मुखपृष्ठे, मसाल्यांची वेष्टने, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मधूनच एखाद्या नाट्यसंस्थेचे भित्तिपत्रक, असे त्यांचे काम चालते. काम भरपूर, पण महिनाअखेर हाती काही उरत नाही आणि का उरत नाही तेही उमगत नाही, अशी त्यांची तक्रार होती. "काका, तुमचा जन्म हिशेबात गेला. कामांची नोंद ठेवण्याची आणि बिले करण्याची एक संगणक-प्रणाली आम्ही घेतली आहे. ती तुम्ही शिका आणि मग आम्हांला शिकवा," असे ते म्हणाले. मी एकतीस वर्षे बँकेत कारकुनी केली आणि त्याहून अधिक वर्षे कामगार संघटनांचे जमाखर्च लिहिले. तरी मला हसू आले. संगणकाच्या विरोधात बँकेच्या दारात घोषणा देणाऱ्या पिढीतला मी. त्याच यंत्राची शिकवणी मागायला ही मुले माझ्याच दारात उभी होती.

तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून मी ती प्रणाली शिकलो. तेथे जे दिसले ते आपल्या कार्यकर्त्यांनीही पाहावे असे वाटते, म्हणून हा लेख. जाहिरातीचा विषय आपल्याकडे क्वचितच निघतो, आणि निघतो तेव्हा निषेधासाठी. साबण आणि शीतपेये गळ्यात मारणाऱ्या या धंद्याविषयी आपल्या मनात अढी आहे, माझ्याही आहे. पण त्या धंद्यात रात्री जागवणाऱ्या मुलामुलींच्या श्रमांचे काय, हा प्रश्न आपल्या अढीने सुटत नाही. गिरणीत तयार होणारे कापड कोण नेसते याची चौकशी करून आपण गिरणी कामगारांची बाजू घेतली नव्हती.

जुन्या छापखान्यांत वावरलेल्या वाचकांना 'जॉब' हा शब्द नवा नाही. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, पावतीपुस्तके हे सारे 'जॉबवर्क'. प्रत्येक कामाला एक क्रमांक आणि क्रमांकांची एक नोंदवही. जाहिरात संस्थेच्या स्टुडिओत त्याच क्रमांकाचे एक जाड पाकीट टेबलाटेबलावरून फिरत असे. मजकुराची प्रत, कच्चे रेखाटन, ब्रोमाइड, मुद्रिते, ग्राहकाने लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या, सारे त्यात कोंबलेले. पाकीट ज्याच्या टेबलावर, काम त्याच्याकडे. आजची प्रणाली म्हणजे मुळात हेच पाकीट. कामाचा क्रमांक, अंदाजपत्रक, मुदत, बाहेरून करून घेतलेल्या छपाईचा आणि छायाचित्रणाचा खर्च, शेवटी बिल आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. येथपर्यंत शिकायला मला चार दिवस पुरले. उरलेले दिवस गेले ते, जुन्या पाकिटात सहसा नसलेली एक गोष्ट समजून घेण्यात. ती म्हणजे तास.

तास पूर्वी का नसत, याला कारण आहे. गिरगावात १९०५ साली बी. दत्ताराम यांनी जाहिरात संस्था काढली. पुढे या धंद्याची घडी बसली ती दलालीवर. वृत्तपत्रात शंभर रुपयांची जागा घेतली की वृत्तपत्र संस्थेला पंधरा रुपये सोडी. चित्र काढायला चित्रकाराला एक तास लागला की सबंध रात्र जागावी लागली, याच्याशी त्या पंधरा रुपयांचा काही संबंध नसे. १९६० साली अमेरिकेत डेव्हिड ऑगिल्वी यांनी शेल तेल कंपनीचे काम दलालीऐवजी ठरीव शुल्कावर घेतले. ही पद्धत हळूहळू पसरली आणि आपल्याकडेही दलालीचे जुने मान मोडून तिने जागा घेतली. आता शुल्क म्हटले की ग्राहक विचारणारच, कशाचे शुल्क? त्याला दाखवायला उत्तर हवे. ते उत्तर म्हणजे माणसांचे तास. अमुक कामाला चित्रकाराचे चाळीस, मजकूर लिहिणाऱ्याचे बारा, देखरेखीचे सहा. तेव्हापासून या धंद्यात माणूस तासागणिक विकला जाऊ लागला आणि विकलेल्या मालाची नोंद ठेवणे ओघानेच आले.

एफ. डब्ल्यू. टेलर या अमेरिकी अभियंत्याने १९११ साली आपले 'शास्त्रीय व्यवस्थापन' पुस्तकरूपाने मांडले, त्याचे प्रतीक होते सेकंद मोजणारे घड्याळ. कामगार लोखंड उचलतो आहे आणि शेजारी उभा असलेला दुसरा माणूस घड्याळ लावून त्याच्या हालचाली मोजतो आहे. ते घड्याळ निदान परक्याच्या हातात होते आणि त्याच्याकडे बोट दाखवता येत होते. येथे चित्रकार स्वतःच घड्याळ लावतो, स्वतःच थांबवतो आणि संध्याकाळी स्वतःच आपली कबुली लिहून देतो.

मुलांनी घेतलेली प्रणाली 'ईआरपीनेक्स्ट' नावाची आहे. मुंबईच्या फ्रापे या संस्थेने ती घडवली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, फुकट वापरावी. ही गोष्ट आपल्या विचाराच्या माणसाला आवडण्याजोगीच आहे. या प्रणालीतील टाइमशीटच्या प्रत्येक ओळीत काम कोणते, केव्हा सुरू झाले, केव्हा संपले, किती तास लागले हे लिहायचे. मग एक चौकोन येतो: हे तास ग्राहकाला लावायचे की नाही? होय म्हणून खूण केली की पुढे दोन दर उमटतात. एक, त्या माणसाचा एक तास संस्थेला कितीला पडतो तो. दुसरा, तोच तास ग्राहकाला कितीला विकला जातो तो. दोन्ही दर एकाच ओळीत, शेजारी शेजारी. महिनाअखेर त्या ओळींची बेरीज होऊन कामाच्या पानावर खर्च, बिल आणि त्यांतले अंतर आपोआप मांडले जाते, टक्केवारीसह.

वाचकहो, हे पाहून मी थोडा वेळ नुसताच बसून राहिलो. तरुणपणी अभ्यासवर्गात वरकड मूल्य समजावून देताना आमची किती धांदल उडायची! दिवसातील कोणता तास कामगाराच्या स्वतःच्या पोटासाठी आणि कोणता मालकाच्या तिजोरीसाठी, हे कपड्याच्या ताग्यावर कोठेच लिहिलेले नसते, ते विचाराने शोधावे लागते, असे आम्ही सांगत असू. समोर बसलेला साचेवाला मान डोलवी, पण त्याच्या डोळ्यांत शंका असे. आणि येथे ते अंतर प्रत्येक ओळीत, पैशापर्यंत, यंत्रानेच मांडून ठेवलेले!

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. तीस हजार रुपये पगाराचा चित्रकार महिन्याला २०० तास काम करतो. तास पडला दीडशे रुपयांना. ग्राहकाला तो लावला नऊशे रुपयांना. म्हणजे सारेच साडेसातशे रुपये मालकाने खाल्ले काय? नाही, आणि असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याचा मालक पाच मिनिटांत पराभव करील. सगळे तास बिलात जात नाहीत. समजा १२० गेले, तर बिल झाले १ लाख ८ हजारांचे. पगार गेला ३० हजार. जागेचे भाडे, वीज, संगणक, हिशेबनीस, बुडीत बिले यांचा वाटा धरा आणखी ४० हजार. उरले ३८ हजार. त्या ३८ हजारांवर कोणाचा किती हक्क, यावर भांडण होऊ शकते आणि ते व्हावे. पण हे भांडण त्या ओळीतले दोन्ही दर ठाऊक असणाऱ्यालाच करता येते. पगारवाढ मागायला गेलेल्या मुलाला "यंदा धंदा मंद आहे" एवढे ऐकवून परत पाठवले जाते, तेव्हा धंदा खरोखर मंद आहे की नाही हे त्याच्याच लिहिलेल्या नोंदींत दडलेले असते.

आणि ते त्याला दिसत नाही. प्रणालीत प्रत्येकाला एक 'भूमिका' दिलेली असते. भूमिकेप्रमाणे कोणाला कोणता रकाना दिसावा हे ठरते. मुलांनी आपापल्या जुन्या नोकऱ्यांतले अनुभव सांगितले. चौघांच्या चार संस्था, चार निरनिराळ्या प्रणाली, पण शिकवणी एकच. पहिल्या दिवशी अर्धा तास बसवून सांगितले जाते: येथे कामाचा क्रमांक निवडा, येथे तास लिहा, शुक्रवारी संध्याकाळपूर्वी पाठवा, न पाठवल्यास पगार अडेल. झाले शिक्षण. दर, अंदाजपत्रक, बिल, नफा हे हिशेब विभागाचे आणि वरच्यांचे. ज्याच्या तासांवर सारा डोलारा उभा, त्याला त्या डोलाऱ्याचा फक्त खालचा रकाना शिकवायचा, ही वाटणी यंत्राने केलेली नाही. यंत्राला सगळेच सगळ्यांना दाखवता येते. भूमिका माणसाने ठरवल्या आहेत.

त्या होय-नाहीच्या चौकोनाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण खरी मेख तेथे आहे. नवे काम मिळवण्यासाठी जाहिरात संस्था ग्राहकासमोर आधीच कल्पना मांडून दाखवतात. धंद्याच्या भाषेत त्याला 'पिच' म्हणतात. पाच संस्था रात्रंदिवस खपून पाच मोहिमा तयार करतात, काम एकीला मिळते, आणि बाकी चौघींच्या मुलांचे श्रम कचऱ्यात जातात. हे तास कोणाला लावायचे? कोणालाच नाही. चौकोनात खूण नाही. ग्राहकाने सातव्यांदा रंग बदलायला सांगितला. करारात दुरुस्त्यांच्या तीनच फेऱ्या धरलेल्या. उरलेल्या चार फेऱ्यांचे तास? ग्राहक दुखावू नये म्हणून खूण नाही. मग वर्षाच्या शेवटी मुलाला बोलावून सांगतात की तुझे बिलात गेलेले तास कमी आहेत. पिच करायला त्याला कोणी बसवले, ते त्या रकान्यात लिहिलेले नसते.

याहून वाईट प्रकार निराळा आहे. अंदाज चाळीस तासांचा होता आणि काम साठ तासांचे झाले, की वरिष्ठ सूचकपणे म्हणतो, "चाळीसच लिही, उगाच प्रश्न निघतील." मुलगा चाळीस लिहितो. त्याला वाटते, आपण साहेबाला सांभाळून घेतले, वीस तासांचा काय हिशेब! पण पुढच्या वेळी तसेच काम आले की अंदाजपत्रक कशावरून बनते? मागील नोंदींवरून. नोंद सांगते, हे काम चाळीस तासांत होते. आता चाळीस हा अंदाज उरत नाही, तो मानदंड होतो. आज गिळलेले वीस तास उद्या सक्तीचे होऊन परत येतात, तेही एकट्यासाठी नव्हे, त्या खुर्चीवर बसणाऱ्या पुढच्या प्रत्येकासाठी. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली सहा महिने संप झाला, त्याच्या मुळाशी दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, ही मालकांची 'कार्यक्षमते'ची मागणी होती. तेथे तिसरा माग डोळ्यांना दिसत होता, म्हणून लाखभर माणसे रस्त्यावर आली. येथे तिसरा माग कामगार आपल्याच हाताने, आपल्याच टाइमशीटमध्ये बसवतो.

हे केवळ तर्काने लिहितो आहे असे कोणास वाटू नये. २०१५ सालच्या नाताळात टोकियोत डेंट्सु या जपानच्या सर्वांत मोठ्या जाहिरात संस्थेतील चोवीस वर्षांच्या कर्मचारी मुलीने आत्महत्या केली. नोकरीला लागून तिला वर्षही झाले नव्हते. पुढील वर्षी तेथील श्रम खात्याने हा अतिश्रमाचा बळी असल्याचे मान्य केले. तिने एका महिन्यात शंभराहून अधिक तास जादा काम केल्याचे निष्पन्न झाले. संस्थेतील करारानुसार जादा कामाची मर्यादा महिन्याला सत्तर तासांची होती, आणि तिच्या स्वतःच्या नोंदी? त्या सत्तरच्या किंचित आत होत्या. खरे तास उघडकीस आले ते इमारतीच्या प्रवेशद्वारावरील नोंदींमुळे. २०१७ साली न्यायालयाने संस्थेला पाच लाख येन दंड केला. एवढ्या अवाढव्य संस्थेला ही रक्कम किती जड गेली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तासांची नोंद ठेवणारी यंत्रणा तेथे होती, ती नियमित भरलीही जात होती. पण ती कोणाच्या सोयीने भरली जात होती, हा प्रश्न आहे. खोटी नोंद मालकाच्या बचावाचा पुरावा होते, खरी नोंद कामगाराच्या. म्हणून टाइमशीट भरणे ही कटकट आहे असे समजून आठवड्याचे तास शुक्रवारी अंदाजाने ठोकून देणारा मुलगा स्वतःचा पुरावा स्वतःच नष्ट करीत असतो.

येथे कायद्याची एक गंमत नमूद करतो. औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण, तर अंगमेहनतीचे, कुशल, अकुशल, तांत्रिक, प्रत्यक्ष प्रक्रियेचे किंवा कारकुनी काम करणारा आणि ठरावीक पगारापर्यंतचा पर्यवेक्षक. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी तंबाखू कंपनीच्या एका विक्री-कर्मचाऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. बाजाराचा अभ्यास करणे, जाहिरातीची साधने सुचवणे हे त्याचे काम. न्यायालयाने म्हटले, या कामाला कल्पक आणि सर्जनशील बुद्धी लागते, म्हणून तो कामगार नव्हे. १९९४ साली पाच न्यायाधीशांच्या पीठानेही औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींविषयी निर्णय देताना, कायद्यातील या प्रकारांपैकी एखाद्यात काम बसल्याखेरीज माणूस कामगार ठरत नाही, असे स्पष्ट केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने श्रमिक पत्रकार आणि विक्री-प्रतिनिधी यांना नावानिशी 'कामगार' म्हटले, पण जाहिरात संस्थेतील चित्रकाराचे नाव तेथे नाही. व्यंगचित्रकार वृत्तपत्राच्या कचेरीत बसला तर १९५५च्या कायद्यापासून तो श्रमिक पत्रकार. तोच हात, तीच लेखणी, तीच शाई घेऊन तो जाहिरात संस्थेत गेला की कलावंत!

सर्जनशील बुद्धी मोजता येत नाही, म्हणून ती कामगारात मोडत नाही, असा या विचाराचा गाभा. मग ती पंधरा पंधरा मिनिटांनी मोजून, क्रमांक देऊन, दर लावून विकली जाते ती कशी? ज्या दिवशी या धंद्याने तासांचा तक्ता स्वीकारला, त्या दिवशी त्याने आपल्या माणसाचे काम हे कौशल्याचे आणि तंत्राचे मोजता येणारे काम आहे, हे लिहून दिले. उद्या एखाद्या चित्रकाराचा दावा श्रम न्यायालयात उभा राहिला, तर त्याच्या वकिलाने कलेवर व्याख्यान देण्यापेक्षा तीन वर्षांच्या टाइमशीट दाखल कराव्यात. त्यांत 'फाइलचा आकार बदलणे', 'मजकूर बसवणे', 'दुरुस्ती' अशा ओळी किती आणि 'कल्पना सुचवणे' किती, हे न्यायमूर्तींनीच मोजावे. दावा जिंकलाच जाईल असे मी म्हणत नाही. पण हा पुरावा मुलांच्या हाती आहे आणि त्यांना तो पुरावा आहे हेच माहीत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही कामगाराची व्याख्या याच शब्दांच्या आसपास ठेवली आणि जादा तासांना दुप्पट दर सांगितला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊ तास दहावर नेण्याला मंजुरी दिली, ते आपण जाणतोच. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतील आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणला गेला होता. ऐंशी वर्षांनी आपण कोणत्या दिशेला तोंड करून चाललो आहोत, यावर स्वतंत्र लेख व्हावा.

बाहेरून काम घेणाऱ्यांचे दुःख आणखी निराळे. घरी बसून चित्रे काढून देणारी कितीतरी मुले आहेत. त्यांना नोकरीही नाही आणि टाइमशीटही नाही. त्यांचे बिल संस्थेच्या प्रणालीत 'खर्च' म्हणून चढते आणि समोर देण्याची मुदत लिहिलेली असते: नव्वद दिवस. विचारले तर उत्तर मिळते, ग्राहकाकडून आले की देऊ. हे उत्तर कायद्याला मान्य नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराला काम स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, आणि लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळालेच पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यामहिन्याला चक्रवाढीने व्याज. हा अधिकार सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही आहे. मात्र त्याने 'उद्यम' नोंदणी आधी केलेली हवी. ती फुकट आहे. प्रणालीत मुदतीचा रकाना पंचेचाळीसवर आणायला मला अर्धे मिनिट लागले. आपल्या शहर शाखांतून एखाद्या रविवारी अशा मुलांची नोंदणी करून देण्याचे शिबिर घेतले, तर वर्षभराच्या व्याख्यानमालेपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

आता थोडी आमची कबुली. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापने यांच्यात यांत्रिकीकरण व संगणकीकरण यांविषयी करार झाला. यंत्रे किती यावीत, कोठे बसावीत, त्यावर बसणाऱ्याला भत्ता किती, कोणाची नोकरी जाणार नाही, यावर त्या काळात रात्ररात्र चर्चा झाल्या. त्या चर्चा आवश्यक होत्या. नोकऱ्या टिकल्या हे लहान यश नव्हे. पण त्या यंत्राच्या पडद्यावर काय दिसेल आणि कोणाला दिसेल, हा प्रश्न आमच्या सभांत विचारलेला मला आठवत नाही. आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले तेव्हा मी त्यावर बसायला नकार दिला आणि त्याबद्दल माझा सत्कारही झाला. जाड खातेवही कपाटात असताना कोणताही कारकून ती उघडून कोणतेही पान पाहू शकत असे. यंत्र आले आणि पाने भूमिकेप्रमाणे उघडू लागली. आम्ही यंत्राकडे पाठ फिरवून उभे होतो, म्हणून वही केव्हा बंद झाली ते आम्हांला दिसले नाही.

चौघा मुलांकडे परत येतो. त्यांचे पैसे कोठे जात होते ते दोन महिन्यांच्या खऱ्या नोंदींनंतर स्पष्ट झाले. एका पतसंस्थेच्या अहवालाला त्यांनी साठ तास धरले होते, लागले एकशे चाळीस. जादा तासांपैकी बहुतेक संचालकांच्या छायाचित्रांचा क्रम बदलण्यात गेलेले. पुढच्या करारात दुरुस्त्यांच्या फेऱ्या मोजून लिहिल्या गेल्या. येथपर्यंत सारे खूश होते. मग मी भूमिका ठरवण्याच्या पानावर आलो. त्यांच्याकडे कलाशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी उमेदवारी करते. तिची भूमिका भरताना चौघांपैकी एकाने सहज सांगितले, "काका, तिला दर दाखवू नका."

मी कारण विचारले. तो ओशाळला, पण मागे हटला नाही. तिला उगाच वाटेल की आपल्याला लुबाडले जात आहे. भाडे, कर, बुडीत बिले हे सारे तिला कळायचे नाही. उद्या ती जास्त मागेल. मी म्हटले, "मागेल की. तू नव्हतास मागत?" दुसरी मुलगी त्याच्या बाजूने बोलली, तिची अडचण अधिक खरी होती. एकमेकांचे पगार उघड झाले तर चार माणसांच्या संस्थेत मने दुखावतील, असे तिचे म्हणणे. दोन संध्याकाळी वाद झाला. मी मुद्दाम गप्प बसलो. हिशेबनिसाने मालकांच्या वादात पडू नये, मग ते मालक आपल्याला 'काका' म्हणत असले तरी. शेवटी असे ठरले की स्वतःच्या ओळीतले दोन्ही दर प्रत्येकाला दिसावेत आणि प्रत्येक कामाचे जमाखर्चाचे पान सर्वांना उघडे असावे. दुसऱ्याच्या पगाराचा दर मात्र झाकलेला राहावा. मला हा निर्णय अपुरा वाटतो. पण मुंबईत ज्या चार ठिकाणी ही मुले राबली, तेथे एवढेही नव्हते.

दिवाळीपासून ती मुलगी आपले दोन्ही दर पाहते आहे. पहिल्या आठवड्यात ती काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने माझ्याकडे येऊन विचारले, "काका, ही प्रणाली शिकायला मी तुमच्याबरोबर अकरा तास बसले. ते कोणत्या कामाच्या क्रमांकावर लिहू?" असा क्रमांक आमच्याकडे नव्हता. आम्ही तो उघडला. तिचे अकरा तास त्यावर चढले आहेत, चौकोनात खूण नाही. त्या तासांचे पैसे कोणत्या दराने आणि कोणाच्या खात्यातून द्यायचे, हा विषय येत्या शनिवारच्या बैठकीत आहे.